सुगंधाची मिटलेली मूठ

सुगंधाचं सांगायचं तर आधी माझं तोंड कसंय ते सांगावं लागंल, कारण घरात ज्याला त्याला फाडकन बोलणारी मीच. मी केशरबाई, थोरली सून. आमचं गाव मंठ्याच्या अलीकडं, हात दाखवला तरच एसटी थांबती असं. आमची मूळची माणसं मेंढरांमागं फिरणारी. सासरे धुळाजी मामा, त्यांचं अर्धं आयुष्य खांद्यावर घोंगडं टाकून गेलं. मंग थोडीशी जमीन झाली, मेंढरं कमी झाली, आन आम्ही सुना आलो त्या एकदम शेतातच. मधली सून गोपिका म्हंजे माझी पाठची सख्खी बहीण. बापानं दोघी एकाच घरात देऊन टाकल्या, एका मांडवात सुटलो म्हणाला. आन धाकटी सुगंधा, राधाकिसन भाऊजींची बायको.

सुगंधा आली तवा मला बिलकुल आवडली न्हाई. पोरीचं अंग म्हणून जागेवर ठरायचं न्हाई. वेणी घालायची ती चालत, भाकर खायची ती उभ्यानं, आन डोक्यावर दोन घागरी आसल्या तरी वाटंत कुणाशी बोलायला सर्रकन मागं वळायची. मी म्हणायची, बाई, जमिनीला पाय लागू दे. ती हसायची. मला तोंडावर हसलेलं खपत न्हाई, पण तिचं खपायला लागलं, कसं ते मलाच कळलं न्हाई. गोपिका मला आक्का म्हणायची, तिचं बघून हीबी आक्का म्हणायला लागली. पंचमीला तर ह्या दोघींची फुगडी बघायला दुसऱ्या गल्लीतल्या बाया यायच्या. हाताची आढी घालून धरायचं, पायाला पाय जुळवायचे आन अंग मागं टाकायचं. आपलं सगळं वजन समोरचीच्या हातात. तिनं सोडलं की आपण गेलो. त्या दोघी आशा गरगर फिरायच्या की कोणतं लुगडं कुणाचं ते कळायचं न्हाई. मी कधी फुगडी घातली न्हाई. मला भोवळ येती, आन दुसरीच्या हातावर आपलं अंग टाकायचं माझ्या जिवावर येतं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही शेतात विहीर खांदायला घेतली. घरचीच माणसं, घरच्याच बाया. खाली मुरूम लागला व्हता, वरचा काठ काळ्या मातीचा. मधी अवकाळी पाऊस झाला आन काठाला भेग पडली. बारीकच व्हती, कुणी मनावर घेतली न्हाई. त्या दिवशी बापे माणसं दुपारचं खायला वर आल्ते. गोपिका आन सुगंधा म्हणल्या, राह्यलेली टोपली भरून ठिवतो, मंग येतो. मी वर बाभळीखाली शिवकन्येच्या झोळीपाशी बसल्ते. शिवकन्या म्हंजे सुगंधाची पोरगी, अजून रांगायलाबी लागली न्हवती. ती भुकेनं रडून राह्यली व्हती.

धप्प असा आवाज आला. लई मोठा न्हाई, गाडीतनं पोतं टाकावं तेवढाच. मी पळाले. विहिरीतनं नुसती धूळ वर येत व्हती, काही म्हणता काही दिसंना. मी वरनं दोघींच्या नावानं वरडले. खालून आवाज आला न्हाई. जरा वेळानं शिडीवरनं सुगंधा वर आली, एकटी. डावा हात शिडीला, उजवा मिटलेला. मी तिचा दंड धरला आन इचारलं, गोपिका कुठंय.

"हात व्हता माझ्या हातात," ती म्हणली.

बस, तेवढंच बोलली. तेवढ्यात काठाच्या मातीचा दुसरा लपका सुटला आन विहीर निम्मी बुजली. बापे माणसं मागं पळाली, मीबी पळाले. माझ्या बहिणीला बाहेर काढस्तोवर दिवस कलला व्हता.

त्या दिवसापासून सुगंधाची उजवी मूठ उघडली न्हाई. आधी आम्हाला वाटलं, धक्काय, जाईल. तेरावं झालं, मृग आला, पेरण्या झाल्या, मूठ तशीच. बोटं आशी आवळलेली की त्यात चमचा घालायला जागा न्हाई. ती भिताडाला टेकून बसायची, गुडघे छातीशी, मूठ गुडघ्यावर. पहिलं जी पोरगी जागेवर ठरत न्हवती तिचं अंग आता दगड झालं व्हतं. बोलणं जवळजवळ बंद. आन पोरीला हात लावंना. शिवकन्या रांगायला लागली, ती रांगत रांगत आईकडं जायची आन सुगंधा भिताडात शिरल्यावानी मागं सरकायची, तोंड पांढरंफटक. लेकराला बघून आई भेती, हे मी जल्मात पहिल्यांदा बघितलं आन मला त्याचं लई भेव वाटलं. मी पोरीला उचलायची, माझ्याजवळ निजवायची. काही दिवसांनी पोरगी मलाच आई म्हणायला लागली. सुगंधा ते ऐकायची आन मान खाली घालायची.

धुळाजी मामांनी सगळ्यांना ताकीद दिली की हिला हलवायचं न्हाई. त्यांचं सगळं शहाणपण मेंढरांचं. म्हणायचे, लांडगा कळपात शिरून गेला की एखादं मेंढरू जागीच ताठ उभं ऱ्हातं. त्याला हाकलायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. हलवलं की ते थरथर कापाया लागतं, आन कापाया लागलं की गेलं. त्यांनी अशी कितीतरी मेंढरं गेलेली बघितली व्हती. त्यांचा सुनंवर जीव व्हता म्हणूनच बोलून राह्यले व्हते. मंग काय, आम्ही तिला कामाला लावलं न्हाई, अंगणात आणलं न्हाई, तिची आंघोळसुद्धा बसल्या जागी. मी हात चोळायला गेले तर मामा माझ्यावर खेकसले. मी उलटून बोलणारी बाई, पण त्या एका गोष्टीत मी गप बसले.

गप बसायला माझं कारण वेगळं व्हतं. गल्लीतल्या बाया म्हणून राह्यल्या व्हत्या की जी बाई हातात हात धरून गेली तिचा जीव त्या मुठीत अडकला. मूठ उघडली की ती जाणार. ऐकून मी त्यांना तोंडावर हाड्हूड केलं, पण रोज सकाळी उठून आधी त्या मुठीकडं बघायची. गोपिका त्यात हाय आसं मला वाटायचं. आन दुसरंबी एक भेव व्हतं, ते मी कुणाजवळ काढलं न्हाई. हात निसटला का सोडला? सगळं गाव म्हणायचं निसटला. मीबी तेच म्हणायची. पण सुगंधानं स्वतः कधी निसटला आसं म्हणलं न्हवतं. इचारलं आन ती भलतंच बोलली, तर मंग तिच्यासंगं एका चुलीवर कसं राहायचं? म्हणून मी इचारत न्हवते.

दसऱ्याच्या आसपास मुठीचा वास यायला लागला. नखं तळहातात रुतली व्हती. तिकडं राधाकिसन भाऊजींच्या कानाशी कुणीतरी लागलं, आन ते म्हणले, तिच्या भावाला निरोप धाडतो, त्यानं घेऊन जावं. पोरगी हितंच राहू द्या. त्यांनीबी किती दिवस बघायचं, मला कळत व्हतं. पण एकदा माहेरी गेलेली आशी बाई परत येत न्हाई, हेबी मला कळत व्हतं. मी त्यांना म्हणलं, भाऊजी, आधी हाताला किडे पडायच्या आत दवाखान्यात न्या, मंग कुठं धाडायची तिथं धाडा. हे मी लई जोरात म्हणलं आसणार, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याच्या गाडीत व्हतो.

तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरांनी तिला भूल दिली, आन भूल चढल्याबराबर मूठ आपसूक उघडली. बोटं सैल पडली, झोपलेल्या लेकराची पडतात तशी. नर्सनं मला हात धरायला आत घेतल्तं, म्हणून मी बघितलं. तळहातावर नखांचे चार खोल घाव व्हते आन पू व्हता. दुसरं काहीच न्हवतं. मला काय दिसंल आसं वाटलं व्हतं कोण जाणे, पण मला हुंदका आला आन नर्सला वाटलं जखम बघून रडती. जखम धुतली, पट्टी बांधली. सुगंधा शुद्धीवर आली आन आमच्या डोळ्यांदेखत पट्टीसकट मूठ मिटली.

डॉक्टर भले व्हते. म्हणले, हाड बरंय, शीर बरीय, हात उघडतो हे तुम्हीच बघितलं. हात न्हाई, भेव मिटून बसलंय. त्याच्यावर बाटलीतलं औषध लई चालणार न्हाई, आमच्या गिरिजाताईंकडं आणत जा. दर आठवड्याला या. भाऊजी खर्चा खर्चा करायला लागले, पण मामा म्हणले, मी संगं जातो. मामांना वाटत व्हतं, तिथं कुणी तिला हलवलं तर आपण जवळ आसलेलं बरं.

गिरिजाताई परतूरकडच्या. आधी बालवाडीत शिकवायच्या, मंग पुण्याला जाऊन हे शिकून आल्या: अंगाच्या हालचालीतनं मनाचा इलाज. मला दाराशीच हे कळलं आन मी मनात म्हणलं, झालं, आता नाचवणार आमच्या सुगंधाला. खोलीत टेबल न्हाई, खुर्ची न्हाई, एक सतरंजी आन मोठी खिडकी. सुगंधा आत गेली ती नेहमीसारखी भिताडाला लागली. ताई तिच्यासमोरच्या भिताडाला तश्शाच बसल्या, गुडघे छातीशी, उजवी मूठ गुडघ्यावर. काही इचारलं न्हाई. किती वेळ तरी दोघी तशाच. माझं डोकं तापलं. एसटीचे पैसे घालून ही बाई आमच्या आजारी माणसाची नक्कल करून राह्यली व्हय? मी उठणार तेवढ्यात ताईंनी एक खांदा जरासा वर केला आन खाली सोडला. पुन्हा केला. सुगंधा बघत व्हती. आन मंग तिचा खांदा हलला. माशी बसल्यावर हलतो तेवढाच, पण हलला.

बाहेर आल्यावर मी ताईंना इचारलंच, हे काय चाललंय म्हणून. त्यांनी राग मानला न्हाई. म्हणल्या, माणूस भेलं की आधी त्याचं अंग भेतं, शब्द मागून येतात. हिचे शब्द अजून विहिरीतच हाईत. तवर अंगाशीच बोलावं लागंल. विहिरीचं नाव निघालं आन मी पिशवी उचलून चालायला लागले, कारण ते शब्द वर आले तर काय आसतील ह्याचंच तर मला भेव व्हतं.

तो हिवाळा आसा जाण्यायेण्यात गेला. ताई कधी नुसतं चालायला लावायच्या, टाच टेकवून, सावकाश. कधी दोन्ही हातांनी भिताड ढकलायचं. सुगंधा एक हात आन एक मूठ लावून ढकलायची. मलाबी करायला लावायच्या. मी कुरकुर करायची आन करायची. घरी येताना गाडीत सुगंधा खिडकीतनं बघायला लागली, एकदा तर मला म्हणली, आक्का, तुमची पिशवी पडंल. कितीतरी महिन्यांनी तिचं आख्खं वाक्य ऐकलं. मी तिच्यावरच डाफरले, की पडली तर पडली, तू नीट बस. डाफरले न्हाई तर रडले आसते. पण पोरीजवळ अजून जात न्हवती, आन मूठ मिटलेलीच.

मंग ती टोपल्याची येळ आली. ताईंनी इचारलं, शेतात तुमचे हात काय काय करतात? मी सांगितलं खुरपणं, वेचणी, आन तोंडातनं निघून गेलं, टोपलं देणं-घेणं. ताईंनी टोपलं न्हाईच आणलं, नुसते रिकामे हात. मी वाकून भरल्यासारखं करायची, सुगंधाकडं द्यायचं, तिनं वळून ताईंकडं द्यायचं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. आन मी खालून वर हात केला तवा सुगंधा माझ्या हाताकडं बघत राह्यली, आन तिचे गुडघे कापाया लागले. मंग मांड्या, मंग हनुवटी. दातावर दात वाजायला लागले. आमच्यासंगं आलेले मामा दारात बसल्ते, ते उठले. त्या वयात एवढे जल्दी उठलेले मी बघितले न्हवते. धावत आले, सुगंधाला दोन्ही हातांनी आवळून जमिनीवर दाबून बसवलं आन ताईंवर वरडले, की मारून टाकता का पोरीला, कापाया लागलं की मेंढरू जातं. मामांच्या डोळ्यांत पाणी व्हतं. मीबी खरं मानलं, आता ही जाती.

ताई भ्याल्या न्हाईत. मामांपाशी बसल्या आन हळू इचारलं, "बाबा, लांडगा येऊन गेल्यावर जे मेंढरू वाचतं, ते काय करतं?"

मामा म्हणले, "तेबी कापतं." आन मंग, "कापून कापून अंग झाडतं, मंग चराया लागतं."

"आन दाबून धरलं तर?"

मामांचे हात हळूहळू सुटले. सुगंधा सतरंजीवर पडून कापत राह्यली, आन आम्ही तिघं तिच्याभवती नुसते बसलो, कुणी हात लावला न्हाई. माझ्या आयुष्यात मी एवढी कधी भेले न्हवते, विहिरीच्या काठावरबी न्हाई. मंग कापरं कमी झालं, तिला घाम आला, आन तिनं पाणी मागितलं. मामांनीच तांब्या धरला.

दुसऱ्या दिवशी मामांनी घरात सांगितलं, धाकटीला अंगणात बसवा, हलू द्या. आन कुणीच न इचारता म्हणले, मी उगाच धरून ठिवली. ते म्हातारं माणूस तेवढं बोललं आन घोंगडं घेऊन बाहेर जाऊन बसलं.

उन्हाळा लागला. विहिरीला वर्ष भरायला आलं व्हतं, भाऊजींचा सुगंधाच्या भावाला निरोप गेला व्हता, अक्षयतृतीयेला तो तिला न्यायला येणार व्हता. मी ताईंना सांगितलं, आता आमच्याकडं येळ न्हाई. पोरगी माझ्याच गळ्यात ऱ्हाईल, आन आई आसून बिनआईची. ताई म्हणल्या, घाई अंगाला कळत न्हाई, केशरबाई. मी म्हणलं, अंगाला न्हाई कळत, तिच्या नवऱ्याला कळती. ताई हसल्या न्हाईत. त्यांनी इचारलं, कामाबिगर तुम्ही बाया अंगाचं काय करता? खेळता काय? मी फुगडी म्हणलं. सुगंधानं झटकन दोन्ही हात पाठीमागं नेले, आन तिच्या तोंडावर तेच पांढरंफटक आलं. ते ताईंनी बघितलं, मीबी बघितलं.

त्यांनी फुगडी घालायला लावली न्हाई. एक जुनं लुगडं आणलं, एक टोक माझ्या हातात, दुसरं सुगंधाच्या डाव्या हाताला, आन मुठीवर गुंडाळून. म्हणल्या, दोघी जरा मागं रेला. लुगडं तुम्हाला धरून ठिवंल. आम्ही रेललो. लुगडं ताणलं. मी पडले न्हाई. पुढच्या खेपेला तेच, जरा जास्ती. त्याच्या पुढच्या खेपेला लुगडं आखूड केलं. आसं करत करत एक दिवस आमच्या मधी लुगडं राह्यलंच न्हाई. तिचा डावा हात माझ्या हातात, आन तिच्या मुठीवर मनगटाशी माझी पकड. ताई म्हणल्या, पाहिजे तर फिरा, न्हाईतर नुसतं उभं ऱ्हा. मला वाटलं, ती उभीच ऱ्हाईल. तिनं पाय जुळवले.

फिरलो. मला भोवळ येती, मी सांगितलंच. खिडकी गेली, भिताड आलं, पुन्हा खिडकी. मी डोळे मिटले, आन माझी मनगटावरची पकड घामानं निसटायला लागली. मी पडते म्हणून वरडले. आन तेवढ्यात माझ्या मनगटाला बोटं लागली. पाच बोटं, घट्ट. सुगंधानं मला धरलं व्हतं, उजव्या हातानं.

ताई म्हणल्या, आता सावकाश थांबा. आन थांबलात की हात सोडा, फुगडी सोडता तसे. आम्ही थांबलो. सुगंधा सोडंना. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली, आन तिचा श्वास वरच्यावर. मला कळलं, आता येणार. जे मी वर्षभर इचारलं न्हाई ते आता येणार. मला तिथनं पळून जावंसं वाटलं, पण माझा हात तिच्या हातात.

"निसटला न्हाई, आक्का," ती म्हणली. "मी सोडला. गोपिकाबाई छातीपर्यंत मातीत व्हती, माझ्याकडं बघत व्हती. वरनं पुन्हा माती पडाया लागली. वर शिवकन्या रडत व्हती, मला ऐकू आलं. आन मी हात सोडला."

ती खोली, ती खिडकी, सगळं व्हतं तिथंच व्हतं. माझ्या डोळ्यांसमोर गोपिकाचं तोंड आलं, वर बघणारं. मला सुगंधाचा राग आला, इतका की तिला ढकलून द्यावं. खरं सांगते, माझा हात तिच्या हातातनं ओढून घ्यायला उठला व्हता. मी ओढला आसता तर ती मूठ पुन्हा मिटली आसती, ह्या जल्मात न उघडायला. ते मला कळत व्हतं आन तरी मला ओढायचा व्हता. मला माझ्याच हाताचं भेव वाटलं. आन मंग कळलं, ही पोरीला का शिवत न्हाई. ज्या रडण्यापायी हात सोडला ते रडणं हिच्या कानात बसलंय. माझी बहीण गेली आन हिचीबी पोरगी गेली, एकाच घडीला.

मी तिला बरंवाईट काहीच बोलले न्हाई. मी, जिचं तोंड कधी गप बसत न्हाई. तिची बोटं एक एक करून सैल केली, सावकाश, फुगडी सोडतात तशी. बाहेर गेले. त्या खेपेला मामांनी शिवकन्येलाबी संगं आणल्तं, ती त्यांच्या मांडीवर खेळत व्हती. तिला उचलून आत आणलं आन सुगंधापुढं धरलं. पोरगी मला चिकटून बसली, मला सोडंना. मी तिला माझ्या गळ्यातनं ओढून काढलं.

"धर," मी म्हणलं. "हिच्यापायी सोडला ना? मंग हिला धर."

सुगंधाचा उजवा हात पुढं आला. बोटं वाकडी, तळहातावर वण. पोरगी रडाया लागली, परकी बाई म्हणून रडली, पण सुगंधानं मागं घेतला न्हाई. धरलं. ताई खिडकीकडं तोंड करून उभ्या व्हत्या, मामा दारात.

अक्षयतृतीयेला तिचा भाऊ आला तवा सुगंधा चुलीपुढं व्हती, भाकरी थापत. वाकड्या बोटांनी भाकर वेडीवाकडी झाली आन मी तिला त्याच्यावरनं बोलले. भाऊ जेवून एकटाच गेला.

ती पहिल्यासारखी झाली आसं मी म्हणणार न्हाई. विहीर आम्ही बुजवली, तरी त्या बांधाकडनं ती अजून जात न्हाई, लांबून वळसा घालती. आभाळ गडगडलं की उजवा हात मिटतो आन ती दुसऱ्या हातानं उघडती. मीबी गोपिकाचं विसरले न्हाई. कधी कधी तिच्याकडं बघताना ते तोंड मला दिसतं, आन मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिला कळतं. ती इचारत न्हाई, मी सांगत न्हाई. घरात आणखी कुणाला हे अजून ठाऊक न्हाई; मामांनी दारातनं ऐकलं आसंल, तर मरताना ते बरोबर घेऊन गेले.

शिवकन्या आता परतूरला शिकायला ऱ्हाती, पंचमीला घरी येती. आन दर पंचमीला मी अंगणात उतरते, ह्या वयात, भोवळ येत आसून. सुगंधासंगं फुगडी घालते. बाया हसतात, थोरलीला म्हातारपणी काय सुचलं म्हणतात. आम्ही सावकाश फिरतो. थांबलो की हात सोडायची येळ येती, आन तिची बोटं माझ्या मनगटावर कापाया लागतात, दरवर्षी. पोरी दुसरीकडं फुगड्या घालायला लागतात, आम्ही तशाच उभ्या. मी आधी सोडत न्हाई. ती सोडंल तवाच सोडते.